नुसती गंमत? : फुटबॉलचं मैदान, चाहते आणि बायांचं हसू

(चंद्रपूर-गडचिरोली भागातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या सत्राचा विषय 'खेळ आणि स्त्रिया' असा आहे. मी त्यातला एकच धागा घेणार आहे. फुटबॉलच्या मैदानाभोवती जी थट्टामस्करी चालते, तिच्याबद्दल मी बोलणार आहे. दारू, मारहाण, वनहक्काचे दावे, पोटगी असे विषय डोक्यावर असताना ही बाई फुटबॉलच्या गमतीजमतीवर काय बोलणार, असं काहीजणींना वाटेल. पण मुलचेरा-चामोर्शी भागात मुलींबरोबर काम करताना एक गोष्ट माझ्या पुन्हा पुन्हा लक्षात आली. आमच्या मुली मैदान सोडतात तेव्हा दरवेळी कोणी मारलेलं नसतं, कोणी बंदीही घातलेली नसते. कोणीतरी हसलेलं असतं. आणि आपण जाब विचारायला गेलो, की उत्तर तयार असतं, "गंमत केली ताई, एवढं काय मनावर घेता?"

ही 'गंमत' काय असते, ती कोण करतं, कोणावर करतं, याचा आज थोडा विचार करू.

आपल्या जंगलपट्टीत फुटबॉल आहे, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावं लागतं. चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळसा खाणी आणि कागद गिरणीच्या वसाहती झाल्या. तिथे प्रांतोप्रांतीचे कामगार आले आणि येताना आपापले खेळही घेऊन आले. दुसरी वाट निर्वासितांची. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६०च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवलं गेलं. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि ही बरीचशी गावं तिकडे गेली. सुंदरनगरसारखी नावं ऐकली की ओळखायचं, ही वसवलेली गावं. त्यांच्यात नमःशूद्र समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. भात, मासे, दुर्गापूजा यांच्याबरोबर फुटबॉलही त्यांच्या बोचक्यात होता.

आणि बंगाली फुटबॉल म्हटला की थट्टा आलीच. कलकत्त्याचे दोन क्लब आहेत. मोहन बागान १८८९चा आणि ईस्ट बंगाल १९२०चा. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते 'घोटी', ते मोहन बागानचे. पूर्वेकडून आलेले ते 'बांगाल', ते ईस्ट बंगालचे. मोहन बागान जिंकलं तर घरात चिंगरी म्हणजे कोळंबी शिजणार. ईस्ट बंगाल जिंकलं तर इलिश, म्हणजे हिलसा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात कुठला मासा महाग झाला यावरून निकाल कळतो, असं गमतीने म्हणतात. हरलेल्या शेजाऱ्याच्या दारासमोरून मासा मिरवत न्यायचा, त्याच्या बोलीची नक्कल करायची, ही सगळी गंमत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आमच्या गडचिरोलीत इलिश कुठून मिळणार? तळ्यातला मासा आणतात आणि त्यालाच इलिश म्हणून हसतात. या हसण्यात फार मोठी ताकद आहे. घरदार सोडून परक्या जंगलात आलेल्या माणसांना आपण कोण आहोत हे विसरू न देण्याचं काम त्याने केलं.

मला गंमत वाटते ती एवढीच, की मासा कुठलाही जिंको, खवलं काढायला आणि चुलीपुढे बसायला बाईच. मी एका काकीमांना विचारलं, "तुमचा क्लब कोणता?" त्या म्हणाल्या, "ज्याच्या माशाला काटे कमी, तो." मैत्रिणींनो, याला म्हणतात विनोद.

पण ही थट्टा नेहमीच गोड राहत नाही. ३० सप्टेंबर १९७५ला आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच-शून्य हरवलं. त्या रात्री मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या सामन्यात दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मेले. हसण्यात मानअपमान गुंतला की तो कुठवर जातो, हे यावरून कळतं.

आता या हसण्यात बाई कुठे येते ते बघा. १९७१ साली 'धन्यी मेये' नावाचा एक बंगाली सिनेमा आला होता. उत्तमकुमार आणि जया भादुरी त्यात आहेत. फुटबॉलवरचा सर्वात लाडका विनोदी सिनेमा म्हणून बंगाली घरांत तो अजून पाहिला जातो. गोष्ट काय, तर बाहेरगावचा संघ गावात येऊन सामना जिंकतो, आणि चिडलेला जमीनदार आपल्या घरातली पोरकी मुलगी जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूच्या गळ्यात जबरदस्तीने बांधतो. सगळे पोट धरून हसतात. मीही हसले. सिनेमा खरंच गमतीचा आहे. पण शिल्डबरोबर मुलगीही दिली जाते, आणि तिला कोणी विचारत नाही, हे आपण मुलींच्या गटात सिनेमा दाखवून बोललो पाहिजे.

आपल्या मराठी मुलखातही चित्र फार वेगळं नाही. कोल्हापूरचं फुटबॉलवेड सगळ्यांना माहीत आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी संघांची नावं आहेत. सामन्याला शाहू स्टेडियम भरतं आणि पेठापेठांत चिडवाचिडवी रंगते. यातल्या 'तालीम' शब्दाकडे लक्ष द्या. तालीम म्हणजे पुरुषांनी अंग कमावण्याची जागा. ज्या दारातून बाईने कधी आत जायचं नव्हतं, त्या दाराचं नाव संघाला आहे. म्हणजे खेळ पुरुषाचा, गाव पुरुषाचं, आणि विनोद करण्याचा हक्कही त्याचाच, हे आधीच ठरून गेलेलं असतं.

काहीजणी म्हणतील, मुलींना फुटबॉलची आवडच नव्हती, म्हणून तो पुरुषांचा झाला. इतिहास तसं सांगत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायांनी संघ काढले. प्रेस्टनच्या 'डिक, कर' कारखान्याच्या संघाने २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सामना खेळला, तेव्हा ५३,००० प्रेक्षक आले होते. जमा होणारा पैसा त्या बाया मदतकार्याला देत. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ला, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आणि आपल्या सभासद क्लबांची मैदानं बायांसाठी बंद केली. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. पन्नास वर्षं मैदान बंद ठेवायचं आणि नंतर विचारायचं, बायांना खेळता का येत नाही? आणि त्यावर विनोद करायचे!

असा सर्वात जुना विनोद म्हणजे 'बाईला ऑफसाइड कळत नाही.' तुमच्यापैकी कितीजणींना कळतो? हात वर नाहीत. ठीक आहे, दोन मिनिटांत समजावते. रेशनच्या दुकानासमोर रांग आहे. काट्याशी दुकानदार बसला आहे. तो गोलकीपर समजा. रांगेतली सर्वात पुढची बाई म्हणजे समोरच्या संघाची शेवटची खेळाडू. तुमची मैत्रीण मागून तुमच्याकडे पिशवी फेकते. ती पिशवी तिच्या हातातून सुटते त्या क्षणी तुम्ही त्या पुढच्या बाईला ओलांडून काट्याजवळ उभ्या असाल, तर तो ऑफसाइड. पिशवी सुटल्यावर तुम्ही धावत पुढे गेलात, तर चालतं. झालं! रांगेत घुसणारी कोण आणि नियमाने पुढे जाणारी कोण, हे आपल्याला जन्मापासून कळतं.

२०११च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये शॉन मॅसी नावाची तरुणी एका मोठ्या सामन्यात सहायक पंच होती. अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज हे टीव्हीवरचे दोन नावाजलेले चेहरे. माईक बंद आहे असं समजून ते तिच्यावर हेच बोलत होते, की बायांना ऑफसाइड कुठला कळायला. सामन्यात तिने एक अगदी अवघड निर्णय बरोबर दिला. त्या दोघांचं बोलणं बाहेर आलं. एकाला कंपनीने काढलं, दुसऱ्याने राजीनामा दिला. तेही म्हणाले, ही थट्टा होती.

२०१८च्या डिसेंबरात पॅरिसला नॉर्वेच्या आदा हेगरबर्गला जगातल्या सर्वोत्तम स्त्री-फुटबॉलपटूचा बालाँ द'ओर पुरस्कार मिळाला. बाईला हा पुरस्कार पहिल्यांदाच दिला जात होता. मंचावरच्या सूत्रसंचालकाने तिला काय विचारलं? कंबर हलवून नाचता येतं का! तिने सरळ 'नाही' म्हटलं. नंतर त्याने माफी मागितली आणि आपण विनोद केला असं सांगितलं.

एवढ्या लांबच्या गोष्टी सांगून झाल्यावर आता आपल्या गावात येऊ.

आपल्याकडच्या टूर्नामेंटमध्ये माईकवाला महत्त्वाचा. सामन्याची बातमी तोच देतो, देणगीदारांची नावंही तोच वाचतो आणि लोकांना हसवतोही तोच. चांगला माईकवाला असला की गर्दी दुप्पट. मुलचेरा भागातल्या एका गावात पुरुषांच्या फायनलआधी आमच्या मुलींचा सामना ठेवला होता. मुली बंगाली, गोंड, माडिया, तेली, सगळ्या मिसळून. सहा महिने पहाटे उठून सराव केला होता. माईकवाला झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी कामं करणारा, बोलण्यात पटाईत. सुरुवात बरी झाली. मग गोलकीपरच्या हातून चेंडू सुटला. "अरे बापा, घरी हंडा कसा सांभाळणार?" लोक हसले. एक माडिया मुलगी चेंडू घेऊन पळाली. "जंगलातून आली, वाघ मागे लागला!" लोक आणखी हसले. मग, "सात नंबर अजून मोकळी आहे, नवरदेवांनी पसंत करून ठेवा." त्यावर शिट्ट्या. मग कोणाच्या अंगावरून, कोणाच्या चड्डीवरून. ते मी इथे सांगत नाही.

सामना संपला. मुलींनी तीन गोल केले होते, पण कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. सात नंबरचं वाक्य मात्र रात्रीपर्यंत पोरांच्या फोनवर पोचलं होतं. पुढच्या सोमवारी सरावाला अकरापैकी पाच मुली आल्या. सात नंबरच्या घरी तिच्या काकाने सांगितलं, गावभर नाव झालं, आता स्थळ बघा. मुलगी बारावीत होती.

आम्ही बायांची बैठक घेतली. पहिली प्रतिक्रिया अशी आली, की त्याने वाईट हेतूने केलं नाही, तो सगळ्यांनाच हसतो. हे खरंही होतं. त्याने पुरुषांच्या सामन्यातही थट्टा केली होती. पण बायांनीच आठवून आठवून फरक काढला. पुरुषांच्या सामन्यात तो म्हणत होता, "पेनल्टी मारली का कावळे उडवले?" म्हणजे खेळावर. मुलींच्या सामन्यात तो बोलला ते त्यांच्या अंगावर, लग्नावर, जातीवर, जंगलात राहण्यावर. पुरुषाचा चेंडू चुकला तर पाय चुकला. मुलीचा चेंडू चुकला तर तिचा जन्मच चुकला. ही वाटणी एका अंगठेबहाद्दर मावशीने केली. माझ्या एमएसडब्ल्यूच्या पुस्तकात ती नव्हती.

त्या बैठकीत एक म्हाताऱ्या काकीमा होत्या. त्या लहान असताना निर्वासित म्हणून इथे आलेल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही कॅम्पात आलो तेव्हा आजूबाजूचे लोक आमच्या बोलण्याला हसायचे, माशाच्या वासाला हसायचे. माझा बाप चार वर्षं आठवडी बाजारात तोंड उघडत नव्हता. त्याचीच नातवंडं आज पोरींवर हसतात." बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. ज्यांच्यावर हसलं गेलं, त्यांनी त्याच हसण्याचा दगड उचलून आणखी खालच्या माणसावर मारावा, हे आपण सगळीकडे पाहतो. जातीत पाहतो, घरात सासू-सुनेत पाहतो. विनोद कोणत्या दिशेने जातो, हे म्हणून तपासायचं असतं. आमदारावर, ठेकेदारावर, मंडळाच्या अध्यक्षावर केलेला विनोद वर जातो. सोळा वर्षांच्या माडिया मुलीवर केलेला विनोद खाली पडतो, आणि ती त्याच्याखाली दबते.

आम्ही मंडळाकडे गेलो. त्यांचा प्रश्न रास्त होता. "दीदी, माईकवर मजा नसली तर लोक येतील का?" आम्ही मजा बंद करा म्हटलं नाही. दोन गोष्टी मागितल्या. एक, खेळावर कितीही हसा, पण अंग, लग्न, जात आणि बोली यांवर बोलायचं नाही. दुसरी, मुलींच्या सामन्याला माईक बाईच्या हातात द्यायचा. दुसऱ्या मागणीवर मंडळ हसलं. "बाई काय बोलणार?"

पुढच्या वर्षी बचत गटातल्या एका वहिनीने माईक घेतला. लग्नात उखाणे घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती अध्यक्षांच्या काळ्या चष्म्यावर बोलली, उशिरा आलेल्या पाहुण्यांवर बोलली, मुलींच्या भात्याच्या फाइलवर बसलेल्या साहेबांना 'कायमचे ऑफसाइड' म्हणाली. मुलींचा चेंडू बाहेर गेला तेव्हा, "चेंडू नाल्यात गेला, नाल्यावरचा पूल मंजूर आहे, पण दिसत नाही." मैदान खदखदून हसलं. त्या हसण्यात मुलीही होत्या. जुना माईकवाला शेजारी उभा राहून टाळ्या देत होता. आता ते दोघं मिळून बोलतात.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. गेलेल्या सहाजणींपैकी चार परत आल्या. एक कामाला तेलंगणात गेली. सात नंबरचं लग्न झालं. अठरा पूर्ण होताच झालं, त्यामुळे कायद्याने आपल्याला काही करता आलं नाही. ती संघातली सर्वात वेगवान मुलगी होती. एका विनोदाने तिचं लग्न झालं असं मी म्हणत नाही. गरिबी होती, काका होता, रस्ता लांब होता. पण घरच्यांना जे कारण हवं होतं, ते माईकवरून मिळालं.

आपल्यावर नेहमी आरोप होतो, की चळवळीतल्या बायांना हसता येत नाही. हे साफ खोटं आहे. आपल्या विदर्भातली भुलाबाईची गाणी आठवा. सासरच्या माणसांची टर उडवायला त्या गाण्यांइतकं धारदार हत्यार नाही. 'मुलगी झाली हो' हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक १९८३ साली आलं आणि गावोगाव बायांनी ते हसत हसत केलं, म्हणूनच ते लोकांच्या मनाला लागलं. आपल्याला विनोद कळतो. म्हणूनच विनोदाच्या आड दडवलेला अपमानही कळतो.

आणि आता हसणाऱ्यांना उत्तर द्यायला मुलींचा खेळही उभा आहे. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भारताची कर्णधार होती अस्तम उराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. तिच्या गावात तिच्या नावाने रस्ता होत होता आणि तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरी करत होते, ही बातमी तेव्हा गाजली. २०२५च्या जुलैत भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात दोन-एक असं हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आणि ज्या ईस्ट बंगालसाठी आमच्या गावात माशावरून भांडणं होतात, त्या क्लबच्या महिला संघाने २०२५ साली देशातली महिलांची लीग जिंकली. त्या संघातली सौम्या गुगुलोत तेलंगणातल्या निजामाबादकडची, म्हणजे आपल्या शेजारची. मी गावातल्या पोरांना विचारलं, "त्या दिवशी मासा आणला होता का?" पोरं गप्प. एका पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, "दीदी, कळलंच नाही." काकीमा म्हणाल्या, "उधार राहिला. आता आणा, आणि साफही तुम्हीच करा."

शेवटी कामाचं बोलते. आपापल्या भागात जाऊन काय करता येईल?

पहिलं, गावच्या टूर्नामेंट मंडळात किमान दोन बाया असाव्यात, आणि माईकवर काय बोलायचं नाही हे स्पर्धेआधी कागदावर ठरावं. दुसरं, २०१३चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा कायदा नीट वाचा. त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागाही येते, आणि लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी हा छळ मानला आहे. जिल्ह्याला स्थानिक समिती असते. प्रशिक्षक, संघटक किंवा माईकवाला यांच्याबद्दल तक्रार असली तर 'गंमत होती' हे तिथे उत्तर होऊ शकत नाही. तिसरं, मुलीने मैदान सोडलं तर तिच्या घरी जाऊन कारण विचारा. 'पोरीलाच नको आहे' यावर थांबू नका. चौथं, माईक मागा. उखाणे घेणारी, भुलाबाई म्हणणारी, अंगणात बसून नवऱ्याची नक्कल करणारी बाई प्रत्येक गावात आहे. तिला मैदानावर आणा.

आणि ऑफसाइड म्हणजे काय, हे आज घरी जाऊन नवऱ्याला विचारा. सांगता आलं नाही, तर रेशनच्या रांगेची गोष्ट सांगा. हसायला हरकत नाही.